पिवळे पडलेले हेडलाइट घरी घासून नितळ करता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१४ ची, मुक्काम चिपळूणला, आठवड्यातून तीन-चारदा रात्री कुंभार्ली घाट उतरावा लागतो. दोन्ही हेडलाइट पिवळट-दुधाळ झालेत आणि डाव्याच्या आत पावसाळ्यात पाण्याचे थेंब दिसतात. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही बदला, मित्र म्हणतो टूथपेस्ट लावा. घरच्या घरी घासून होईल का, आणि झालं तर किती टिकेल?

घरी होईल. अर्धा दिवस मोकळा हवा आणि घाई नको, एवढं पाळलं तर कुणालाही जमेल असं हे काम आहे. तुमच्या वर्णनावरून दोन्ही दिवे बदलण्याची गरजही मला दिसत नाही. पण तुम्ही शेवटी विचारलेलं ‘किती टिकेल’ मी आधी घेतो. ते ठाऊक नसताना माणूस घासायला बसतो आणि सहा महिन्यांनी डोक्याला हात लावतो. नुसता घासून चकचकीत केलेला दिवा आपल्याकडच्या उन्हात चार-सहा महिन्यांत परत धुरकटतो. घासल्यावर त्यावर उन्हापासून राखणारा थर नीट चढवला, तर दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. घासणं हे निम्मंच काम, आणि त्यातही सोपं निम्मं.

असं का, ते समजून घ्या. आपण सगळे ‘हेडलाइटची काच’ म्हणतो, पण ती काच नाही. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच असायची. दगड लागला की तडकायची, पण पिवळी कधी पडली नाही. आताच्या दिव्यांची पुढची बाजू पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हरमन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स या दोघांनी हे प्लास्टिक स्वतंत्रपणे तयार केलं. सीडी याचीच, हेल्मेटच्या चांगल्या व्हायजर याच्याच. हातोडा मारला तरी सहजी फुटत नाही, वजनाला हलकं, आणि साच्यात घालून हवा तसा वळणदार आकार देता येतो. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी ते उचललं. त्याच्या दोन उणिवा आहेत. वरचा पृष्ठभाग मऊ असल्याने नुसत्या धुळीनेही ओरखडतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याची रासायनिक मोडतोड होऊन ते पिवळं पडतं.

या दोन्ही उणिवा झाकायला कारखान्यात त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवतात. तो फक्त काही मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. उन्हाचा सगळा मार हा थर खातो. पाच-सात वर्षांत तो थकतो, त्याला बारीक भेगा पडतात, जागोजागी पापुद्रे सुटतात, आणि तिथून ऊन थेट प्लास्टिकला लागतं. तुम्हाला जो पिवळेपणा आणि दुधाळपणा दिसतो, तो बराचसा या मेलेल्या थराचा असतो. खालचं प्लास्टिक बहुतेक वेळा ठीकच असतं. आपण घासून काढतो तो हा थर.

तुमच्या दिव्यांकडे नीट बघा. वरचा, बॉनेटकडचा भाग जास्त खराब असेल, कारण ऊन वरून पडतं. आणि रोज एकाच जागी एकाच दिशेला तोंड करून गाडी उभी राहत असेल, तर एक दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा असेल. गिऱ्हाइकाने गाडी दारात आणली की दिवे बघून मी सांगतो, तुमच्या पार्किंगला डावीकडून ऊन येतं. बहुतेक वेळा बरोबर निघतं. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीचे दिवे जास्त वर्षं टिकतात. तुमच्या अंगणात तशी सोय असेल तर उद्यापासून करा, काही खर्च नाही.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे वरच्या थराबद्दल मी इतकं का बोलतोय ते कळेल. मी रंगकामात चोवीस वर्षं आहे, सुरुवातीची बरीच वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात काढली. हेडलाइट घासायला लागलो तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. पत्र्यावरचा रंग जसा पेपर मारून, कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट) लावून चमकवतो, तसंच इथे करायचं, एवढीच समज. ओळखीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या सहा गाड्या मार्च महिन्यात करून दिल्या. दिवे नव्यासारखे दिसत होते, तो खूश, मीही खूश. गणपतीच्या आधी सहाच्या सहा गाड्या परत आल्या, आणि दिवे पहिल्यापेक्षा वाईट झाले होते. कारखान्याचा थर, थकलेला का होईना, मी पूर्ण काढला होता, त्याच्या जागी काहीच दिलं नव्हतं, आणि उघडं प्लास्टिक एप्रिल-मेच्या उन्हात सोडून दिलं होतं. पैसे न घेता सगळे दिवे पुन्हा करून दिले. तेव्हापासून वर थर दिल्याशिवाय एकही दिवा माझ्या हातून बाहेर गेलेला नाही. स्वस्तात अर्ध्या तासात दिवे चकचकीत करून देणारा कुणी भेटला, तर त्याला एवढंच विचारा: घासल्यावर वर काय मारणार? उत्तर ‘वॅक्स’ किंवा ‘पॉलिश’ असेल तर गाडी तिथे देऊ नका.

टूथपेस्टचंही तेच. तिच्यात अगदी बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे वरचा थोडा मळकटपणा जातो आणि दोन-चार आठवडे बरं दिसतं. मेलेला थर मात्र तसाच राहतो. तेलकट स्प्रे मारून जी चमक येते ती नुसती ओलेपणाची, पहिल्या धुण्याबरोबर जाते. डास पळवणारा स्प्रे मारला की दिवा लगेच स्वच्छ होतो असं दाखवतात, ते तर करूच नका. त्यातलं डीईईटी हे रसायन वरचा थर आणि प्लास्टिक विरघळवतं, म्हणून तो नितळ दिसतो. थोड्या दिवसांनी चिकट, डागाळलेला पृष्ठभाग हाती उरतो, आणि बॉनेटवर थेंब पडले तर रंगही जातो.

हल्ली एक कपासारखं विजेवर चालणारं यंत्र येतं. त्यात द्रव घालून वाफ काढायची आणि ती दिव्यावर फिरवायची. घासून पांढरा झालेला दिवा डोळ्यांदेखत पाण्यासारखा नितळ होतो, बघणारा थक्क होतो. हे द्रव म्हणजे क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनच्या जातीचं द्रावक असतं. ते प्लास्टिकचा वरचा भाग वितळवून सपाट करतं. ती वाफ छातीत जाणं फार वाईट. लहान मुलं असलेल्या घराच्या पार्किंगमध्ये तर हा प्रकार आणूच नये. शिवाय उन्हापासून संरक्षण शून्य, आणि द्रावकाने ताण बसलेल्या प्लास्टिकला पुढे बारीक तडे जाण्याची भीती. मी ते यंत्र वापरत नाही.

कामाला हात घालण्याआधी दिव्याची तपासणी करा. दिवा धुऊन कोरडा करा आणि त्यावर ओला हात फिरवा. पाणी आहे तोवर दिवा आरपार दिसायला लागला आणि सुकताच परत दुधाळ झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे, म्हणजे घासून जाणार. ओला करूनही धूसरच राहिला, तर दोष आत आहे. मग बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. नंतर रात्री टॉर्च तिरकी धरून बघा. प्लास्टिकच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चकाकणाऱ्या रेघा दिसल्या, तर त्या खोल चिरा आहेत. त्या घासून जात नाहीत, आणि दिवा नितळ झाला की उलट जास्त उठून दिसतात. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांनी पुसल्यामुळे किंवा शंभर वॉटचे बल्ब बसवून दिवा आतून भाजल्यामुळे अशा चिरा पडतात. त्या जास्त असतील तरच दिवा बदला.

आतला चकचकीत आरसाही बघून घ्या, ज्याला आम्ही रिफ्लेक्टर म्हणतो. तो करपून राखाडी झाला असेल तर पुढचं प्लास्टिक स्फटिकासारखं करूनही प्रकाश वाढणार नाही. आणि एक गोष्ट बहुतेक लोक बघतच नाहीत: बल्बपर्यंत वीज पुरी पोचते का? जुन्या गाडीत वायरिंगचे जोड आणि अर्थिंग गंजतं आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज कमी मिळतं. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बल्बच्या मागच्या पिनांवर मीटरने मोजा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बवर १२ च्या आत दिसलं, तर आधी इलेक्ट्रिशियनकडे जा. कोकणातल्या गाड्यांत हे फार आढळतं.

आता सामान. वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, ६००, ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे, प्रत्येकी एक-दोन; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. थर पापुद्र्यांनी सुटत असेल तर ४०० चाही एक. पेपरमागे धरायला मऊ रबराचा किंवा फोमचा ठोकळा, चांगली मास्किंग टेप, दोन बादल्या, थोडा कार शॅम्पू, आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल औषधांच्या दुकानात किंवा केमिकलवाल्याकडे मिळतं. थिनर त्याच्या जागी चालत नाही, हे परत सांगतो. उद्यमनगरात सवयीने थिनरच्या बोळ्याने दिवा पुसून मी एका गाडीचा उजवा दिवा कायमचा चिरवला होता. बघता बघता त्यात तडे उमटले, आणि नवीन दिवा माझ्या पगारातून आला.

दिव्याभोवती टेपचे तीन थर लावा, बॉनेटच्या आणि फेंडरच्या कडांना विशेष. ओल्या पेपरचं एक टोक रंगाला लागलं तरी ओरखडा उमटतो. पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. ऊन नको, सावलीत बसा.

पहिला पेपर हेच खरं काम, बाकीचे पेपर त्याने केलेले ओरखडे मिटवायला असतात. थर शाबूत पण पिवळा असेल तर ६०० ने सुरू करा, पापुद्रे सुटत असतील तर ४०० ने. शॅम्पूच्या पाण्याने दिवा सतत ओला ठेवा आणि ठोकळा आडवा, डावीकडून उजवीकडे, सारख्या दाबाने चालवा. बोटांनी पेपर दाबू नका, बोटांच्या जागी खळगे पडतात आणि रात्री रस्त्यावर प्रकाशाच्या पट्ट्या दिसतात. सुरुवातीला पिवळसर, गढूळ पाणी निघेल आणि पेपर घसरल्यासारखा वाटेल. थोड्या वेळाने पाणी पांढरं, दुधासारखं यायला लागेल आणि पेपर सगळीकडे सारखा धरायला लागेल. म्हणजे तुम्ही थराखालच्या प्लास्टिकला पोचलात. एखाद्या कोपऱ्यात पाणी पिवळं असताना पुढच्या पेपरवर गेलात, तर तिथे जुन्या थराची कड नकाशासारखी शिल्लक राहते. ती शेवटी, सगळं झाल्यावरच दिसते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एका दिव्याला या पहिल्या पेपरवर वीस ते तीस मिनिटं लागली तर लागू द्या. वरची कड आणि बाजूचा वळणाचा भाग हमखास राहतो, तिथे पेपर दुमडून हलक्या हाताने जा.

या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयंकर दिसेल, पांढरा आणि आंधळा. अनेकजण इथे घाबरून फोन करतात. तो तसाच दिसायला हवा. प्लास्टिक पातळ होईल अशीही भीती असते, तर दिव्याचं प्लास्टिक दोन-तीन मिलिमीटर जाड असतं आणि आपण त्यातला कागदाच्या जाडीइतकाही भाग काढत नाही.

मग ८००. आता दिशा बदला, पहिला आडवा मारला असेल तर हा उभा. याचा फायदा असा की दिवा पुसून कोरडा केला आणि तिरकी टॉर्च मारली, की मागच्या पेपरच्या आडव्या रेघा उरल्यात का हे लगेच कळतं. उरल्या असतील तर पुढे जायचं नाही. दर पेपरनंतर दिवा, ठोकळा आणि हात धुवा, बादलीतलं पाणी बदला. चारशे नंबरच्या पेपरचा एक सुटा कण दोन हजारच्या पेपरखाली आला, तर असा खोल ओरखडा काढतो की तीन पेपर मागे जावं लागतं. आमच्याकडे नव्या पोरांना मी पेपर मारायच्या आधी पाणी बदलायला शिकवतो.

इथून पुढे रस्ता दोन दिशांना फुटतो, आणि घरी करणाऱ्या लोकांचं इथेच सर्वात जास्त चुकतं. वर कोणता थर देणार, यावर घासणं कुठे थांबवायचं ते ठरतं.

थर टू-के क्लिअरचा, म्हणजे हार्डनर मिसळलेल्या लॅकरचा देणार असाल, तर ८०० किंवा फार तर १००० वर थांबा. कंपाउंड लावू नका, चकचकीत करू नका. लॅकरला धरायला तो खरखरीतपणा लागतो, आणि ओलं लॅकर त्या बारीक रेघा भरून काढतं. पहिला हात बसला की पांढरा दिवा आरपार होतो. ३००० पर्यंत घासून, पॉलिश करून त्यावर लॅकर मारणारे मी पाहिलेत. वर्षभरात ते साप कात टाकतो तसं सोलून येतं.

टू-के आता स्प्रेच्या डब्यातही मिळतं. डब्याच्या बुडाशी कळ असते, ती दाबली की आतला हार्डनर मिसळतो, आणि मग डबा दिवसा-दोन दिवसांत वापरून संपवावा लागतो. डब्यावर हेडलाइट किंवा पॉलिकार्बोनेटसाठी चालतं असं छापलेलं बघूनच घ्या, कारण काही लॅकरमधली द्रावकं या प्लास्टिकला मानवत नाहीत. हार्डनर नसलेला साधा लॅकरचा डबा स्वस्त मिळतो, पण तो एका उन्हाळ्यात पिवळा पडून भेगाळतो. मारताना आधी अगदी हलका, धुक्यासारखा एक हात द्या, दहा मिनिटं थांबा, मग एक-दोन ओले हात. ओघळ आला तर बोट लावू नका. तो पूर्ण वाळल्यावर २००० ने घासून पॉलिश करता येतो. दिव्याभोवती टेप पुरत नाही, पुढची सगळी गाडी कागदाने किंवा प्लास्टिकने झाका, उडालेले कण विंडशील्डपर्यंत जातात.

या थराबाबत एक गोष्ट जिवाची आहे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारताना ते छातीत गेले तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोड्याशा वासानेही झटका येतो. कापडी मास्क किंवा रुमाल याला अडवत नाही. वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला नीट बसणारा रेस्पिरेटर, चष्मा, हातमोजे, आणि मोकळी हवा, एवढं नसेल तर हा थर घरी मारू नका. आमच्या धंद्यातले किती जुने पेंटर पन्नाशीतच जिना चढताना धापा टाकतात, ते मी रोज बघतो. घासण्याचं काम घरी करा आणि शेवटचे दोन हात जवळच्या रंगकामवाल्याकडे, त्याच्या गनने मारून घ्या. अर्ध्या तासाचं काम असतं आणि बहुतेक लोक आनंदाने करून देतात.

दुसरा रस्ता म्हणजे पूर्ण नितळ करून वर पीपीएफ, म्हणजे चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, किंवा पुसून लावायचा यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) कोट. त्यासाठी १०००, १५००, २०००, ३००० असे सगळे पेपर दिशा बदलत मारायचे. ३००० नंतर दिवा ओलसर काचेसारखा, किंचित धुरकट दिसतो. मग कंपाउंड आणि त्यावर बारीक पॉलिश. हाताने होतं, पण खांदे भरून येतात. ड्रिलला लावायचं तीन इंची फोम पॅड घ्या. वेग कमी ठेवा, मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या आसपास, आणि पॅड एका जागी थांबू देऊ नका. पॉलिकार्बोनेट साधारण दीडशे अंशाला मऊ पडतं, आणि कोरड्या पॅडखाली तेवढी उष्णता यायला वेळ लागत नाही. मग तिथे लाटांसारखा भाग उमटतो, तो काढायला परत ८०० पर्यंत मागे. मध्ये मध्ये दिव्याला उलट्या हाताने स्पर्श करून बघा, चटका बसायला लागला तर थांबा. शेवटी अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, म्हणजे पॉलिशचं तेल निघेल. तेलावर कोणताच थर धरत नाही.

पुसून लावायचा यूव्ही कोट सोबतच्या कापडाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच दिशेने ओढायचा, ओला असताना परत त्यावरून जायचं नाही, आणि चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही. तो बरा टिकतो, पण माझ्या अनुभवात वर्ष-दीड वर्षाने परत द्यावा लागतो. हेडलाइटवर सिरॅमिक कोटिंग म्हणून जे विकतात, त्यातलं बरंचसं याहूनही पातळ असतं. पीपीएफ मला जास्त आवडते. ती उन्हाला अडवते, घाटात ट्रकच्या चाकाखालून उडणारी खडीही झेलते, आणि पुढे पिवळी पडली तर ओढून काढून नवी लावता येते. खालचं प्लास्टिक परत घासावं लागत नाही. दिव्याच्या वळणावर सुरकुती न पडू देता लावायला मात्र सराव लागतो. तुमच्यासारख्या नेहमी घाट करणाऱ्याला मी हेच सुचवेन: घासून, पॉलिश करून दिवे स्वतः तयार करा आणि फिल्म लावून घ्यायला कोल्हापूर-कराडकडे एखाद्या चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे जा.

या सगळ्यातून हाती काय येतं, तेही सांगतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या धुरकट दिव्यांची मोजणी केली होती. त्यात असे दिवे नव्याच्या जेमतेम वीस टक्के प्रकाश देताना आढळले, आणि घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत आला. कंपनीचा नवा दिवा अर्थात पूर्ण प्रकाश देतो. म्हणजे दुरुस्ती नव्याची बरोबरी करत नाही, पण वीसवरून सत्तरवर येणं म्हणजे धुक्यातल्या वळणावर गुरं उभी आहेत हे वेळेत दिसणं. धुरकट दिवा प्रकाश कमी देतो आणि आहे तो चहूकडे उधळतो, त्यामुळे धुक्यात तुमच्यासमोर पांढरी भिंत उभी राहते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तिरीप जाते. बदलायचेच झाले तर कंपनीचेच दिवे घ्या. बाजारातल्या स्वस्त नकली दिव्यांवर संरक्षक थर नावापुरता असतो, दोन वर्षांत पिवळे झालेले नकली दिवे माझ्याकडे नियमित येतात.

काम झाल्यावर दिव्यांचा नेम तपासा. आधी उधळलेला प्रकाश आता एकवटलेला असतो, नेम वर असेल तर समोरच्याला पहिल्यापेक्षा जास्त त्रास होईल. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, आत एक माणूस बसलेला, आणि डॅशबोर्डवर दिवे खालीवर करायचं चाक असेल तर ते शून्यावर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरवर प्रकाशाची वरची आडवी कड त्या खुणेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडायला हवी, आणि डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसेल, ती तशीच असते. दिव्याच्या मागे फिरवायचे स्क्रू असतात. आणि कृपा करून या नितळ दिव्यांत एलईडी बल्ब घालू नका. हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर तो प्रकाश नीट आवरू शकत नाही.

राहिला तुमचा डावा दिवा. पावसात आत हलकी वाफ धरून दिवे लावल्यावर अर्ध्या तासात जात असेल तर काळजी नको. दिव्याला हवा खेळण्यासाठी बारीक वाट ठेवलेलीच असते. पण थेंब ओघळून तळाला पाणी साठत असेल, तर मागे बल्बवरचं रबरी झाकण काढून बघा. बल्ब बदलताना ते तिरकं बसवलेलं असतं किंवा रबर कडक होऊन फाटलेलं असतं. दहातल्या सात गाड्यांत मला दोष तिथेच सापडतो, आणि झाकण थोडक्या पैशांत मिळतं. नाहीतर दिव्याच्या वरच्या सांध्यात बारीक फट असेल, ती पाण्याचा बारीक फवारा मारून शोधा. झाकण काढून दिवा उन्हात दोन दिवस वाळू द्या, घाई असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून मागून हवा द्या. फट बुजवायला कोणताही आंबूस वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्याच्या वाफेने आतला रिफ्लेक्टर काळवंडतो.

आणि हे काम आता पावसात काढू नका. हवेत ओल असताना लॅकर वाळता वाळता दुधाळ होतं, आणि चिपळूणच्या जुलै-ऑगस्टात तर ते होणारच. तोवर धुक्यात सावकाश उतरा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली, की आधी डावा दिवा वाळवून त्याचं झाकण बदला, आणि पेपर मात्र उजव्या दिव्यापासून सुरू करा. तो आतून कोरडा आहे, त्यावर हात बसला की दुसरा सोपा जाईल.